आधी अंदाज, मग मोजमाप: गती, बल आणि ऊर्जा हाताने शिकवताना

आठवी-नववीच्या वर्गात एक प्रश्न विचारून पाहावा. कॅरमचा स्ट्राइकर बोटातून सुटला आहे, बोर्डाच्या मध्यावरून सरकतो आहे आणि अजून कशालाही लागलेला नाही. या क्षणी त्याला पुढे ढकलणारे बल कोणते? बहुतेक मुले ठामपणे सांगतात, “बोटाने दिलेले बल.” न्यूटनचा पहिला नियम घडाघडा म्हणून दाखवणारी मुलेही हेच उत्तर देतात.

ही अडचण आपल्याच वर्गांची नाही. अमेरिकेतील ॲरिझोना राज्य विद्यापीठाचे डेव्हिड हेस्टिनिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९९२ मध्ये बलाच्या संकल्पनेवरची एक साधी प्रश्नपत्रिका प्रसिद्ध केली. तिच्यात आकडेमोड अजिबात नव्हती. रोजच्या भाषेतले बहुपर्यायी प्रश्न होते. सूत्रे वापरून अवघड उदाहरणे सोडवणारे महाविद्यालयीन विद्यार्थीही तिच्यात अडखळले. गती आहे म्हणजे गतीच्या दिशेने बल असणारच, जड वस्तू अधिक वेगाने पडते, बलवान माणूस ओढतो तेव्हा दुबळा त्याला तितक्याच जोराने ओढत नाही, अशा समजुती मनात तशाच राहिल्या होत्या. मुले या समजुती हातगाडी ढकलताना, पान गळताना, रस्सीखेच खेळताना कमावतात. अनुभवाने आलेली समजूत फळ्यावरच्या वाक्याने जात नाही. तिला दुसरा, अधिक नेमका अनुभव द्यावा लागतो.

भारतात हा विचार मोठ्या प्रमाणावर करून पाहिला गेला तो मध्य प्रदेशात. १९७२ मध्ये होशंगाबाद जिल्ह्यातल्या १६ शाळांत प्रयोगातून विज्ञान शिकवण्याचा उपक्रम सुरू झाला आणि पुढे तो शेकडो शाळांत पोचला. त्या उपक्रमाच्या सुरुवातीच्या दिवसांत तिथे गेलेले अरविंद गुप्ता यांनी पुढे पुण्याच्या आयुकातील मुक्तांगण विज्ञान शोधिकेत टाकाऊ वस्तूंतून विज्ञान खेळणी घडवली. महागडी प्रयोगशाळा नसली तरी प्रयोग होतात, हे या कामाने दाखवून दिले. पुढचे उपक्रम त्याच वाटेने जाणारे आहेत. त्यांचा क्रम मात्र महत्त्वाचा आहे, कारण प्रत्येक उपक्रम आधीच्या उपक्रमातून उरलेला प्रश्न उचलतो.

सगळ्यांना एकच शिस्त लागू आहे. प्रयोगाला हात लावण्याआधी प्रत्येकाने आपला अंदाज कारणासह वहीत लिहायचा. अंदाज खोडायचा नाही आणि त्याला गुणही नाहीत. लिहिलेला अंदाज नसेल तर प्रयोग संपल्यावर प्रत्येकाला वाटते की आपल्याला हे आधीच माहीत होते, आणि जुनी समजूत मनात गुपचूप शाबूत राहते.

पहिला उपक्रम: वर्गाचे स्वतःचे घड्याळ

गती मोजायची तर वेळ मोजता आली पाहिजे. स्टॉपवॉच मोबाईलमध्ये असते, तरी पहिले घड्याळ वर्गाने स्वतः करावे. दोऱ्याला लोखंडी नट बांधा. दाराच्या चौकटीला खिळा ठोकून तो टांगा. खिळ्यापासून नटाच्या मध्यापर्यंतची लांबी १ मीटर ठेवा. नट थोडा बाजूला नेऊन सोडा आणि १० पूर्ण झोके मोजा. नट सोडल्या जागी परत आला की एक झोका. वेळ २० सेकंदांच्या अगदी जवळ येते, म्हणजे एका झोक्याला २ सेकंद. एका टोकाहून दुसऱ्या टोकाला जायला १ सेकंद लागतो.

आता अंदाज विचारा. दोन नट बांधले तर झोका लवकर होईल की उशिरा? नट जास्त लांब नेऊन सोडला तर? दोरा चौथाई, म्हणजे २५ सेमी केला तर? एका वेळी एकच गोष्ट बदलायची, बाकीच्या तशाच ठेवायच्या. वजन वाढवून वेळ बदलत नाही. दुसरा नट पहिल्याच्या खाली लोंबू द्यायचा नाही एवढेच पाहावे, नाहीतर लांबीही बदलते. झोक्याचा पल्ला थोडा वाढवला तरी वेळेत फरक दिसत नाही. तो उभ्या रेषेपासून ६० अंशांपर्यंत नेला तर मात्र वेळ सुमारे ७ टक्क्यांनी वाढतो आणि दहा झोक्यांत तो कळतो. दोरा चौथाई केला की वेळ निम्मी होते, एक झोका १ सेकंदाचा.

एकाऐवजी दहा झोके का मोजायचे, हा प्रश्न मुलांकडूनच यावा. सुरू करताना आणि थांबवताना हात जरा मागेपुढे होतो. ती चूक दहा झोक्यांत वाटली गेली की दर झोक्यामागे दहावा हिस्सा उरते. मोजमापाचा हा धडा पुढे प्रत्येक उपक्रमात लागतो.

दुसरा उपक्रम: सारख्या चालीचा बुडबुडा

गवंडी दोन टोकांची पातळी जुळवायला पाण्याची पारदर्शक नळी वापरतात. तिचा मीटरभर तुकडा घ्या, पाण्याने भरा, आत बोटाच्या पेराएवढा हवेचा बुडबुडा ठेवा आणि दोन्ही टोके घट्ट बंद करा. नळी सरळ लाकडी पट्टीला बांधा. पट्टीचे एक टोक एका पुस्तकाने उचलले की बुडबुडा नळीतून वर सरकू लागतो.

एक जण दोलकाकडे पाहून दर सेकंदाला टाळी वाजवतो आणि दुसरा टाळीसरशी बुडबुड्याच्या जागी पट्टीवर खूण करतो. खुणांमधली अंतरे जवळजवळ सारखी येतात. आलेखकागदावर वेळ आडव्या अक्षावर आणि अंतर उभ्या अक्षावर घेतले तर सरळ रेषा मिळते. उतार बदला आणि पुन्हा करा. रेषेचा चढ बदलतो, पण ती सरळच राहते. आलेखाचा चढ म्हणजे चाल, हे वाक्य इथे मुले स्वतः म्हणू शकतात, कारण दोन रेषा त्यांनीच काढलेल्या असतात.

बुडबुड्याला पाणी वर ढकलते आहे, तरी त्याची चाल वाढत का नाही? हा प्रश्न फळ्याच्या कोपऱ्यात लिहून ठेवावा. उत्तर आज द्यायचे नाही.

तिसरा उपक्रम: उतारावरची गोटी

विजेच्या दुकानात मिळणारी प्लास्टिकची केसिंग पट्टी सुमारे दोन मीटर लांब असते आणि तिच्या खाचेतून काचेची गोटी छान घरंगळते. पट्टीचे एक टोक ४ सेमी उचला. मध्ये ती वाकू नये म्हणून दोन-तीन ठिकाणी पुठ्ठ्याचे तुकडे रचून आधार द्या, कारण पट्टीला झोळ पडला तर सगळे आकडे बिघडतात. गोटी हाताने सोडली तर नकळत धक्का बसतो. म्हणून तिच्यापुढे पोस्टकार्ड आडवे धरायचे आणि टाळीसरशी झटकन उचलायचे.

गॅलिलिओने हाच प्रयोग केला होता. लाकडी तुळईत कोरलेल्या गुळगुळीत खाचेतून त्याने कांस्याचा गोळा सोडला आणि वेळ मोजायला भांड्यातून वाहणारे पाणी गोळा करून तोलले. १६३८ मध्ये लायडन येथे छापलेल्या आपल्या शेवटच्या ग्रंथात त्याने त्याचे वर्णन केले आहे. थेट खाली पडणारी वस्तू त्या काळच्या घड्याळांना फार वेगवान होती. उताराने तीच गती संथ केली आणि ती मोजता आली.

इथेही दर टाळीला खूण करायची. गोटी चालू असताना खूण करणे पहिल्यांदा जमत नाही. म्हणून प्रत्येक मुलाला एकच टाळी द्यावी: तुझी दुसरी, तुझी तिसरी. गोटी तीच, उतार तोच, सोडण्याची रीत तीच. दर वेळी फक्त एकाने आपल्या टाळीला गोटी कुठे होती ते पाहायचे. तीन-चार वेळा करून मधली जागा घ्यायची.

घर्षण अगदी कमी असेल तर या उतारावर गोटी पहिल्या सेकंदाअखेर ७ सेमी, दुसऱ्याअखेर २८, तिसऱ्याअखेर ६३, चौथ्याअखेर ११२ आणि पाचव्याअखेर १७५ सेमीवर असायला हवी. प्रत्यक्षात आकडे थोडे कमी येतील. महत्त्वाचे आहे ते त्यांचे नाते. ७ ला ४ ने गुणले की २८, ९ ने गुणले की ६३, १६ ने गुणले की ११२. म्हणजे अंतर वेळेच्या वर्गाच्या पटीत वाढते. दोन खुणांमधली अंतरे काढली तर ७, २१, ३५, ४९, ६३ मिळतात आणि त्यांचे प्रमाण १, ३, ५, ७, ९ असे विषम संख्यांचे येते. हे मुलांनी आपल्याच आकड्यांत शोधावे. वजाबाकी करायला सांगावी, पहिल्या अंतराने भागायला सांगावे आणि थांबावे.

खुणांची तितकी अचूकता जमली नाही तर सोपी वाट आहे. पट्टीवर ४० सेमी आणि १६० सेमी अशा दोनच खुणा करा आणि तिथे पोचायला लागणारा वेळ स्टॉपवॉचने मोजा. अंतर चौपट, मग वेळ किती पट? बहुतेक मुले “चौपट” लिहितात. वेळ दुप्पट येते. दर सेकंदाला चाल सारखीच वाढत असेल तर दुप्पट वेळेत चालही दुप्पट होते. हा निष्कर्ष वहीत चौकटीत लिहून ठेवावा. ऊर्जेच्या धड्यात तो लागणार आहे.

चौथा उपक्रम: आपली चूक किती, ते मोजणे

एव्हाना गटागटांचे आकडे वेगळे आलेले असतात आणि कोणाचे बरोबर यावर वाद चालू असतो. हीच संधी आहे. एकाने ३० सेमीची पट्टी उभी धरायची. शून्याची खूण खाली, दुसऱ्याच्या उघड्या बोटांमध्ये. पहिल्याने न सांगता पट्टी सोडायची आणि दुसऱ्याने पकडायची. पट्टी ५ सेमी घसरली तर प्रतिसादाला ०.१० सेकंद लागले, १० सेमीला ०.१४, १५ सेमीला ०.१७, २० सेमीला ०.२० आणि ३० सेमीला ०.२५ सेकंद. बहुतेकांचे उत्तर १५ ते २० सेमीच्या आसपास येते.

स्टॉपवॉचचे बटण दाबणाऱ्या हाताला एवढा उशीर होऊ शकतो. मग मोबाईलने २.३७ सेकंद दाखवले तर त्यातल्या शेवटच्या ७ वर किती विश्वास ठेवायचा? आपल्या आकड्याला “सुमारे” का म्हणायचे, हे मुलांना इथे कळते. दोन गटांचे उत्तर २.३ आणि २.५ आले तर ते भांडण नाही, हेही कळते.

पाचवा उपक्रम: स्ट्राइकर का थांबतो?

आता कॅरम बोर्ड वर्गात आणावा. पावडर पुसून टाका आणि स्ट्राइकर एकाच जोराने सुटावा म्हणून रबरबँडची बेचकी करा. ती दर वेळी ठरावीक खुणेपर्यंत ताणायची. स्ट्राइकर किती दूर जातो ते मोजा. मग बोरिक पावडर टाकून तेच करा. रबरबँडचा जोर तोच असतानाही स्ट्राइकर कितीतरी पुढे जातो. शेवटी एका टोकाला खरखरीत गोणपाट अंथरून पाहा.

आता प्रश्न उलटा विचारायचा. स्ट्राइकर चालत का राहतो हे विचारू नका, तो थांबतो का हे विचारा. तिन्ही वेळा सुरुवात सारखीच होती. फरक पडला तो थांबवणाऱ्या पृष्ठभागाचा. घर्षण कमी कमी करत शून्यावर नेले तर काय होईल? मुले थोडा वेळ गप्प राहतात आणि मग कोणीतरी म्हणते, “थांबणारच नाही.” न्यूटनने १६८७ मध्ये मांडलेला पहिला नियम हाच. बोटाचे बल बोटाचा स्पर्श असेपर्यंतच होते. स्ट्राइकरकडे नंतर उरतो तो वेग.

हेच दुसऱ्या वाटेने दाखवता येते. केसिंग पट्टीचा लांब अर्धगोलासारखा झोका करा. गोटी एका बाजूने सोडली की दुसऱ्या बाजूला जवळजवळ तेवढ्याच उंचीपर्यंत चढते. दुसरी बाजू अधिक सपाट करा. तितकी उंची गाठायला गोटी आणखी लांब जाते. ती बाजू पूर्ण आडवी केली तर? गाठायला उंचीच नाही. ही मांडणी मुळात गॅलिलिओची आहे.

जडत्वासाठी सोंगट्यांची चवड रचा आणि सर्वांत खालच्या सोंगटीला स्ट्राइकर जोरात मारा. खालची निघून जाते आणि वरच्या तिथेच खाली बसतात. हळू मारला तर चवड कोसळते. दोन्ही करून पाहावे, कारण उलगडा दुसऱ्यातच होतो: हळू मारताना घर्षणाला वरच्या सोंगट्या ओढायला पुरेसा वेळ मिळतो.

फळ्याच्या कोपऱ्यातला बुडबुड्याचा प्रश्न आता सोडवता येतो. बुडबुडा सुरू होतो तेव्हा त्याला वर नेणारे बल अधिक असते. चाल वाढते तसा पाण्याचा विरोध वाढतो आणि लवकरच दोन्ही समान होतात. निव्वळ बल शून्य, म्हणून चाल कायम. बल असूनही चाल का वाढत नाही, याचे उत्तर बलांच्या बेरजेत आहे.

जड वस्तू आधी पडते या समजुतीचाही निकाल याच तासिकेत लावावा. वही आणि सुटा कागद एकाच उंचीवरून वेगवेगळे सोडा, कागद रेंगाळतो. मग तोच कागद वहीवर ठेवून सोडा, मात्र तो वहीच्या कडेबाहेर येऊ देऊ नका. दोन्ही बरोबर पडतात. वहीने हवेचा विरोध अडवला की कागद मागे राहत नाही. १९७१ मध्ये अपोलो १५ मोहिमेतले अंतराळवीर डेव्हिड स्कॉट यांनी चंद्रावर हातोडा आणि पीस एकदम सोडले होते. तिथे हवा नाही, म्हणून दोन्ही एकाच वेळी जमिनीला टेकले. त्याचे चित्रीकरण उपलब्ध आहे; ते प्रयोगानंतर दाखवावे, आधी नको.

सहावा उपक्रम: रबरबँडचा काटा

बल मोजायचे साधन वर्गात बनते. पुठ्ठ्याच्या पट्टीवर वरच्या टोकाला रबरबँड अडकवा, खालच्या टोकाला तारेचा आकडा आणि एक हलकी प्लास्टिकची पिशवी. पिशवीत ५० मिली पाणी मोजून घाला, रबरबँडचे टोक कुठे आले ती खूण करा. मग १००, १५०, २०० मिली. १०० मिली पाण्याचे वस्तुमान १०० ग्रॅम आणि पृथ्वी त्याला ओढते ते बल सुमारे १ न्यूटन. न्यूटन हे एकक मुलांच्या हाताला असे कळते.

खुणांमधली अंतरे सारखी येत नाहीत. रबर स्प्रिंगसारखे समप्रमाणात ताणले जात नाही. म्हणून दोन टोकांच्या खुणा करून मधले भाग पाडू नयेत, प्रत्येक खूण पाणी घालूनच करावी. वजन उतरवताना रबर थोडे लांबलेलेच राहते. त्यामुळे मोजताना नेहमी कमी बलाकडून जास्त बलाकडे जायचे.

या काट्याने जेवणाचा डबा टेबलावरून सावकाश ओढा. सुटण्याच्या क्षणीचा आकडा आणि सरकत असतानाचा आकडा वेगळा येतो; सुरू करायला बल जास्त लागते. डब्यात दुप्पट वस्तुमान होईल इतके पाणी भरा, सरकवायला सुमारे दुप्पट बल लागते. आता चौकोनी वीट घ्या, रुंद बाजूवर आणि मग अरुंद बाजूवर ठेवून ओढा. विटेसाठी दोन-तीन रबरबँड एकत्र लावून जाड काटा करावा लागेल. अंदाज विचारला की जवळजवळ सगळा वर्ग म्हणतो, रुंद बाजूवर जास्त घर्षण. आकडे जवळजवळ सारखे येतात. स्पर्शाचे क्षेत्र घटले तरी वीट तेवढ्याच वजनाने टेबलाला दाबते आहे.

मग दोन गटांनी आपापले काटे एकमेकांत अडकवून ओढावेत. एक काटा वर्गातल्या सर्वांत दांडग्या मुलाच्या हाती, दुसरा खिडकीच्या गजाला बांधलेला. गज किती बलाने ओढेल? “शून्य,” असे उत्तर येते. दोन्ही काटे सारखेच आकडे दाखवतात. काटे बरोबर जुळलेले असावेत म्हणून आधी ते एकाच वजनाने तपासून घ्यावेत. क्रिया आणि प्रतिक्रिया समान असतात, आणि त्या दोन वेगळ्या वस्तूंवर असतात, म्हणून एकमेकींना रद्द करत नाहीत. रस्सीखेचीत जिंकतो तो जमिनीला पायाने अधिक जोराने रेटणारा संघ. दोरी दोन्ही संघांना जवळजवळ सारखीच ओढते.

फुग्याचे रॉकेट इथे शेवटी येते. दोरीत स्ट्रॉ ओवा, स्ट्रॉला फुगवलेला फुगा चिकटपट्टीने लावा आणि सोडा. फुगा आतली हवा मागे ढकलतो, हवा फुग्याला पुढे ढकलते. मागच्या भिंतीचा किंवा बाहेरच्या हवेचा आधार त्याला लागत नाही. म्हणूनच रॉकेट निर्वात अवकाशातही चालते.

सातवा उपक्रम: उंची, वेग आणि कागदी कप

ऊर्जेकडे जाताना व्याख्येपासून सुरुवात करू नये. एक काम ठरवावे: कागदी कप सरकवणे. कप उपडा ठेवा आणि त्याच्या कडेला गोटी शिरेल एवढे दार कापा. उताराच्या तळाशी तो असा ठेवा की गोटी आत शिरेल आणि कपाला घेऊन पुढे जाईल. गोटी १० सेमी उंचीवरून, मग २० आणि ३० सेमीवरून सोडा. कप सरकलेले अंतर उंचीच्या साधारण प्रमाणात वाढते. उंची दुप्पट, तर अंतर दुप्पट.

आता तिसऱ्या उपक्रमातली चौकट उघडा. उतार तोच ठेवून गोटी चौपट अंतरावरून सोडली तर वेळ दुप्पट आणि म्हणून तळाशी चालही दुप्पट. चौपट अंतर म्हणजे चौपट उंची. कप किती सरकेल? चौपट. चाल दुप्पट झाली की गतिज ऊर्जा चौपट होते, हे सूत्राशिवाय हाती आले. अर्धा एम व्ही वर्ग हे सूत्र आता फळ्यावर लिहावे. मुलांना ते ओळखीचे वाटेल.

चालीचा हा वर्ग मुलांच्या जिवाशी निगडित आहे. चांगल्या कोरड्या रस्त्यावर ब्रेक लावल्यावर दुचाकीची चाल दर सेकंदाला ५ मीटर प्रति सेकंदाने कमी होते असे धरू. ताशी ३० किमीला ती सुमारे ७ मीटरमध्ये थांबते. ताशी ६० किमीला थांबायला सुमारे २८ मीटर लागतात. त्यात प्रतिसादाचा वेळ मिळवा. पट्टी पकडायला लागलेल्या ०.२ सेकंदांतच ताशी ६० किमीची दुचाकी ३ मीटरहून अधिक पुढे गेलेली असते, आणि रस्त्यावर कोणी पट्टीकडे टक लावून तयार बसलेले नसते. ही गणिते मुलांना पटांगणावर पावलांनी आखायला सांगावीत. २८ मीटर डोळ्यांनी पाहिल्यावर ते विसरत नाहीत.

आठवा उपक्रम: ऊर्जा कुठे जाते?

दोलकाच्या उभ्या रेषेत, खाली थोड्या अंतरावर दुसरा खिळा असा ठोका की दोरा झोक्याच्या मध्यावर त्याला अडकेल. नट एका बाजूने सोडा. दुसऱ्या बाजूला दोरा आखूड झालेला असतो, तरी नट जवळजवळ मूळ उंचीपर्यंतच चढतो. मागे पुठ्ठा लावून उंचीच्या खुणा केल्या तर हे स्पष्ट दिसते. उंचीची ऊर्जा वेगाची होते, वेगाची पुन्हा उंचीची.

पण दोलक अखेर थांबतो, चेंडू पहिल्याइतका उसळत नाही. टेनिसच्या अधिकृत नियमांनुसार २५४ सेमीवरून टाकलेला नेहमीचा चेंडू १३५ ते १४७ सेमी उसळायला हवा. म्हणजे उत्तम चेंडूही एका टप्प्यात चाळीस टक्क्यांहून अधिक ऊर्जा गमावतो. ती कुठे जाते? जाड तार एकाच जागी वीस-पंचवीस वेळा वाकवून ओठाला हळूच लावून पाहावी. ती गरम लागते. तार तुटत आली तर थांबावे, कारण तुटलेले टोक टोचते.

चेंडू गरम झालेला का जाणवत नाही, याचा हिशेब करण्यासारखा आहे. १ किलो वस्तू १ मीटर खाली आली की सुमारे ९.८ ज्यूल ऊर्जा मिळते. १ किलो पाणी १ अंश सेल्सिअसने तापवायला मात्र सुमारे ४,२०० ज्यूल लागतात. कोयनेचे पाणी सह्याद्रीतून बोगद्यांनी पश्चिमेला उतरवून वीज बनवतात. एक लिटर पाणी ४०० मीटर उतरले तर सुमारे ३,९०० ज्यूल मिळतात. इतक्या उंचीची सारी ऊर्जा त्याच पाण्यात उष्णता म्हणून गेली तरी ते १ अंशानेही तापणार नाही. घर्षणात “नाहीशी” होणारी ऊर्जा दिसत का नाही, हे यावरून कळते. ती फार मोठ्या वस्तुमानात, फार थोड्या तापमानवाढीत पसरते.

वर्ग सांभाळताना

चाळीस मुलांच्या वर्गात पाच-पाचांचे आठ गट करावेत. एक सोडणारा, एक वेळ पाहणारा, एक खूण करणारा, एक लिहिणारा आणि एक प्रश्न विचारणारा. भूमिका दर तासिकेला फिरवाव्यात, नाहीतर लिहिण्याचे काम मुलींकडे आणि हाताळण्याचे मुलांकडे जाते. सगळ्या गटांचे आकडे फळ्यावर एकाच तक्त्यात यावेत. एका तासिकेत एकच उपक्रम घ्यावा. साहित्य वाटायला आणि आवरायला दहा मिनिटे लागतात, ती आधीच धरावीत. गोट्या जमिनीवर सांडू देऊ नयेत, आणि रबरबँडच्या बेचकीसमोर कोणी चेहरा आणू नये.

शिक्षकांची खरी कसोटी आकडे अपेक्षेप्रमाणे येत नाहीत तेव्हा लागते. २८ च्या जागी २४ आले की “अठ्ठावीसच लिहा” म्हणण्याचा मोह होतो. एकदा तसे झाले की मुले पुढच्या प्रयोगात आधी पुस्तक उघडून उत्तर पाहतात आणि मग तसे आकडे बनवतात. त्याऐवजी २४ लिहून ठेवावेत आणि विचारावे: पट्टी वाकली होती का, गोटी कडेला घासली का, टाळी उशिरा वाजली का? यातले एक कारण दुरुस्त करून पुन्हा करावे. कारण सापडले नाही तरी २४ तसेच राहू द्यावेत.

धडा संपल्यावर वर फेकलेल्या चेंडूचे चित्र काढायला सांगावे. वर जाताना, सर्वांत वरच्या बिंदूवर आणि खाली येताना, अशा तीन ठिकाणी चेंडूवरची बले बाणांनी दाखवायची. हवेचा विरोध सोडला तर तिन्ही ठिकाणी एकच बाण येतो, खाली, तेवढाच लांब. ज्यांच्या चित्रात वर जाताना वर जाणारा बाण अजून उरला आहे, त्यांची नावे काढू नयेत. त्यांना पुन्हा कॅरम बोर्डाकडे न्यावे, या वेळी गटाशिवाय आणि घाईशिवाय, आणि त्यांचा बाण कुठून येतो ते त्यांच्याच तोंडून ऐकावे. समजुतीचा उगम सापडला की पुढचा प्रयोग कोणता करायचा हे शिक्षकांना आपोआप सुचते.